बिलांची पिशवी ९ तारखेला आली तरी सॉफ्टवेअर म्हणते सगळं हिरवं

ऑफिसातल्या कामांच्या याद्या आणि तारखा सांभाळणारं एक सॉफ्टवेअर आम्ही घेतलं, त्याला स्टार द्यायचे तं पाचपैकी तीन. दोन मोबाइल ॲपचे आणि तिसरा असाच, वर्षभर सोबत राहिलो म्हणून. बाकीचे दोन काहून कापले ते सांगायला एवढं लांबलचक लिहून राहिली, कारण घ्यायच्या आधी मी नेटवर गंज शोधलं होतं आणि जिथं पाहा तिथं रंग छान, डॅशबोर्ड छान, टीमवर्क छान, हेच. टेम्पलेट, म्हणजे कामाचा ठरलेला साचा, लावलं की सबटास्कच्या, म्हणजे पोटातल्या छोट्या कामांच्या, तारखा कशा पडतात हे कोणीच लिहिलं नव्हतं, आणि आमच्यासारख्या ऑफिसचा जीव तिथंच अडकून असते.

सॉफ्टवेअरचं नाव टाकत नाही. एक तं सरांचं रिन्युअलचं अजून ठरलं नाही, आणि दुसरं म्हणजे मी जे सांगणार आहे ते नाव कोणतंही असो, विकत घ्यायच्या आधी तपासायचंच आहे.

आमचं सीएचं ऑफिस आहे नागपुरात धरमपेठात, छोटंच, सर, मी, दोन अकाउंटंट आणि सीए शिकता शिकता काम करणारे तीन आर्टिकलवाले पोट्टे, म्हणजे दोन पोट्टे आणि एक पोट्टी. क्लायंट साठेक. गांधीबागचे कापडवाले, इतवारीतले किराण्याचे ठोक व्यापारी, हिंगणा एमआयडीसीतली फॅब्रिकेशनची दोनचार युनिटं, थोडे डॉक्टर. मी काही सीए नाही, बी.कॉम. आहे, पण बारा वर्षं झाली इथं, कोणाचं काय कधी भरायचं ते सगळं माझ्या डोक्यात असते, आणि हेच चुकीचं होतं. २०२४ च्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला, दहा दिवस मी पडून, आणि ऑफिसमधी कोणालाच माहीत नाही की कोणाचं काय राहिलं आहे. सलाइन लागलेली असताना मी फोनवर सांगून राहिली होती की त्या काकाजींच्या फाइलमधी मागच्या महिन्याची एक क्रेडिट नोट आहे ती विसरू नका. बरी होऊन आली तं सर म्हणाले, मॅडम, आता तुमच्या डोक्यातलं सगळं कम्प्युटरमधी उतरवायचं. मग एप्रिल २०२५ पासून हे सॉफ्टवेअर आलं.

डेमो द्यायला जो पोट्टा ऑनलाइन आला होता तो चांगला होता, गोड बोलणारा. त्यानं एक वेबसाइट बनवायचा प्रोजेक्ट दाखवला. आज सुरू केलं, तीन दिवसांनी डिझाइन, दहा दिवसांनी टेस्टिंग, पंधराव्या दिवशी लाइव्ह. सुरुवातीची तारीख बदलली की खालच्या सगळ्या सबटास्कच्या तारखा फटाफट पुढे सरकतात, आम्ही पाहतच राहिलो, सर तं खूशच झाले. तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की बाप्पा, आपलं काम सुरुवातीपासून मोजतच नाहीत, ते शेवटापासून मोजतात. वेबसाइट चार दिवस उशिरा लाइव्ह झाली तं क्लायंट दोन शब्द बोलेल. जीएसटीचं पोर्टल बोलत नाही, सरळ लेट फीचं मीटर चालू करते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका क्लायंटचं एका महिन्याचं जीएसटीचं काम म्हणजे एक टास्क. त्याच्या पोटात सबटास्क, बिलं आणा, टॅलीत एंट्री करा, आर-वन (विक्रीच्या बिलांचा रिटर्न) भरा, टूबी (खरेदीवरच्या क्रेडिटची पोर्टलनं बनवलेली यादी) जुळवा, थ्रीबीचा (महिन्याचा टॅक्स भरायच्या रिटर्नचा) आकडा क्लायंटला कळवा, चलान भरा, थ्रीबी फाइल करा. हे सगळं एकदा साच्यात बसवून ठेवायचं, म्हणजे टेम्पलेट, आणि दर महिन्याला साठ क्लायंटना तोच साचा लावायचा. साचा लावताना सॉफ्टवेअर एकच प्रश्न विचारते, सुरू कधी करता? त्या तारखेत मग तुम्ही आधी सांगून ठेवलेले दिवस मिळवून प्रत्येक सबटास्कला तारीख टाकून देते.

मी साचा बनवला तो असा. बिलांची पिशवी आली तो दिवस शून्य. एंट्री तीन दिवसांनी, आर-वन पाच दिवसांनी, टूबी जुळवणी दहा, आकडा कळवायचा बारा, चलान तेरा, थ्रीबी चौदा. पिशवी बहुतेक करून ५ तारखेला येते, म्हणजे आर-वन १० ला आणि थ्रीबी १९ ला. आर-वनची शेवटची तारीख ११ आणि थ्रीबीची २०, दोन्हीत एकेक दिवस हातचा. एप्रिल चांगला गेला, मे चांगला गेला. मला वाटलं झालं काम, आता मी निवांत आजारी पडू शकते.

जून महिना. हिंगण्याचा एक फॅब्रिकेशनवाला आहे, माणूस सज्जन पण पिशवीच्या बाबतीत बेभरवशाचा. त्याची पिशवी आली ९ ला. आमच्या आर्टिकल पोट्टीनं नियमानं पिशवी आल्याची तारीख टाकली, ९ जून, आणि सॉफ्टवेअरनं इमानदारीत बेरीज केली. एंट्री १२, आर-वन १४, टूबी १९, आकडा २१, चलान २२, थ्रीबी २३. सगळं हिरवं. वरती छोटंसं लिहून आलं की टास्क वेळेवर सुरू आहे. पोट्टी नवीन, जॉइन होऊन दोन महिने झाले होते, तिनं हिरवं पाहिलं आणि १४ तारखेला आर-वन भरून मोकळी झाली. तिची चूक म्हणावी तं कशी म्हणावी, आम्हीच तिला सांगितलं होतं की तारखा पाठ करत बसू नको, सॉफ्टवेअर सांगते तसं कर.

आता ज्यांना वाटून राहिलं की तीन दिवस उशीर झाला तं काय मोठं झालं, लेट फी दिवसाला ५० रुपये, त्यांनी टूबी समजून घ्या. तुमचा क्लायंट ज्याला माल विकतो त्या खरेदीदाराला खरेदीवर दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घ्यायचं असते, आणि ते त्याला १४ तारखेला तयार होणाऱ्या टूबीत दिसावं लागते. ११ पर्यंत आर-वन भरला तं तुमची बिलं त्या महिन्याच्या टूबीत जातात. १४ ला भरला तं पुढच्या महिन्याच्या. ह्या फॅब्रिकेशनवाल्याचा खरेदीदार बुटीबोरीची एक मोठी कंपनी, तिथं अकाउंट्सवाले टूबीत बिल दिसल्याशिवाय जीएसटीचे पैसे सोडतच नाहीत. सहा लाखांची बिलं, त्यावर १८ टक्के म्हणजे १ लाख ८ हजार, महिनाभर अडकले. आणि इकडे ह्याला तोच टॅक्स २० तारखेला थ्रीबीत आपल्या खिशातून भरावा लागला. माणूस ऑफिसात आला, भांडला नाही काही, खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, ताई, तुमच्या कम्प्युटरमधी माझं हिरवं होतं म्हणता ना, मंग माझ्या बँकेत काहून लाल झालं?

थ्रीबी आम्ही वाचवली, कारण १४ ला दुपारी सरांनी विचारलं तेव्हा सगळं उघडकीस आलं. नाहीतं हे सॉफ्टवेअर साहेब २३ पर्यंत हिरवेच राहिले असते.

तेव्हापासून मी ह्या विषयात पडली. सर म्हणाले आमच्या वेळी सीए फायनलला पर्ट-सीपीएम, म्हणजे कामांचा क्रम आणि दिवस मोजायच्या पद्धती, होतं, आम्ही घोकून पास झालो आणि विसरलो. सीपीएम अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट कंपनीनं कारखान्यांच्या कामासाठी काढलं. त्यात दोन फेऱ्या असतात, एक सुरुवातीपासून पुढे मोजत जायची आणि दुसरी शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यायची, आणि दोन्हींतला जो फरक उरते तो फ्लोट, म्हणजे किती दिवस उशीर झाला तरी चालते ते. सरांनी पाठकोऱ्या कागदावर गोल आणि बाण काढून दाखवलं. ५ ला पिशवी आली तं हातात एक दिवस. ९ ला आली तं उणे तीन. ही एवढी वजाबाकी सॉफ्टवेअरनं दाखवली असती तं बस होतं, पण त्याला शेवटची तारीख काय आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं, ते बिचारं नुसतं पुढेच मोजत होतं.

गंमत म्हणजे आमची जुनी एक्सेल शीट हे करत होती. त्यात वर्कडे.इंटल नावाचा फॉर्म्युला आहे, त्याला दिवसांच्या जागी उणे आकडा दिला की मागे मोजते, सुट्टीच्या जागी ११ टाकलं की फक्त रविवार सुट्टी धरते, आणि आपल्या सुट्ट्यांची यादी वेगळी देता येते. म्हणजे फुकटातलं जे होतं ते सोडून आम्ही डॉलर मोजून हे घेतलं. पण एक्सेल कोणाच्या फोनवर वाजत नाही, आणि कोणी काय केलं, कधी केलं, हे त्यात कळत नाही, एकानं उघडून ठेवली की दुसऱ्याला रीड-ओन्ली येते. त्यामुळं परत जायचं मन होत नव्हतं.

मग सपोर्टवाल्यांशी चॅट. त्यांची सकाळ होते तेव्हा आपली जेवणं झालेली असतात, त्यामुळं आमचा लहाना आर्टिकल घरून रात्री दहा-साडेदहाला बोलत बसायचा. चार दिवसांनी समजलं की शेवटच्या तारखेपासून मागे मोजायची सोय त्यात आहे, पण वरच्या प्लॅनमधी. आमच्या प्लॅनमधी ते बटनच दिसत नाही. हे मला खरंच पटलं नाही. रंगीत डॅशबोर्ड, इमोजी, टास्क पूर्ण झाला की स्क्रीनवरून उडत जाणारा कोणतातरी प्राणी, हे सगळं खालच्या प्लॅनमधी द्यायचं, आणि वजाबाकीचे पैसे वेगळे. बाकी ठिकाणीही पाहून ठेवा, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधी शेवटच्या तारखेपासून शेड्यूल लावायची सोय आहे, असानाच्या प्रोजेक्ट टेम्पलेटमधी पण तारखा सुरुवातीच्या किंवा शेवटच्या तारखेच्या हिशोबानं बांधता येतात. आम्ही डेटा टाकून बसलो होतो म्हणून गपचूप वरचा प्लॅन घेतला.

खर्चाचं इथंच सांगून टाकते. आम्ही सात, पण सीट पाचपाचच्या हिशोबानं विकतात, म्हणजे दहा घ्याव्या लागल्या, तीन सीटवर कोणी बसत नाही. बिल डॉलरमधी. कंपनी परदेशी म्हणून त्यावर रिव्हर्स चार्जमधी १८ टक्के आयजीएसटी आपणच भरायचा, नंतर क्रेडिट मिळते पण आधी रोख भरावा लागते. ह्याचाही सबटास्क मी बनवला आहे, नाहीतं सीएच्याच ऑफिसात राहून जायचं.

वरच्या प्लॅनमधी साचा नव्यानं बांधला, आणि तिथं दुसरी अडचण आली. एका साच्याला शेवट एकच असते. आमच्या कामाला दोन शेवट आहेत, ११ आणि २०. शिवाय मधात १४, टूबीची, आणि ती तं आपल्या हातातच नाही, तुम्ही कितीही घाई करा टूबी १४ लाच येणार. सगळं २० पासून मागे मोजलं तं आर-वन उणे दहा, चालते, पण जेव्हा सरकार थ्रीबीची तारीख वाढवते आणि आर-वनची वाढवत नाही तेव्हा सगळं बिघडते. दिवाळीच्या तोंडावर हेच झालं, सप्टेंबरची थ्रीबी २० ऑक्टोबरवरून २५ ऑक्टोबर केली, पण आर-वन ११ ची ११ च होती. म्हणून मी टास्क मधातून तोडला. पहिल्याचा शेवट ११, त्यात पिशवी उणे सहा, एंट्री उणे तीन, आर-वन उणे एक. दुसऱ्याचा शेवट २०, त्यात आकडा कळवणं उणे तीन, चलान उणे दोन, फाइल उणे एक, आणि टूबीच्या जुळवणीला मात्र सरळ १५ तारीख हातानं टाकायची. दोघांमधी डिपेंडन्सी लावली की आर-वन झाल्याशिवाय थ्रीबी सुरू होणार नाही, पोर्टलवर पण तसंच आहे, त्या महिन्याचा आर-वन भरल्याशिवाय थ्रीबी भरताच येत नाही.

आता ९ ला पिशवी आली तं काय होते? पिशवीचा सबटास्क ६ च्या सकाळी लाल. मला ॲपवर येते, मी फोन करते. ९ च्या सकाळी एंट्रीपण लाल. पिशवी येते तेव्हा सगळ्यांना दिसून राहिलं असते की दोन दिवस उरले आहेत, मग सर दोन पोट्टे एकाच फाइलवर बसवतात. आधी आम्हाला लाल रंगाची भीती वाटायची, नवीन पोट्टी तं लाल झालं की घाबरून तारीखच बदलून टाकायची. आता ड्यू डेट बदलायचा अधिकार फक्त मला आणि सरांना, ही परवानगीची सोय वरच्या प्लॅनमधली सगळ्यात कामाची वस्तू निघाली.

तीन महिन्यांचे रिटर्न भरणारे छोटे दुकानदार आहेत त्यांचा साचा वेगळा, त्यांचा आर-वन तिमाही झाल्यावर १३ ला, थ्रीबी महाराष्ट्रात २२ ला, मधल्या दोन महिन्यांचा टॅक्स २५ ला. टीडीएसचा वेगळा, दर महिन्याला ७, फक्त मार्चचा ३० एप्रिल. हे सगळं बसलं, त्याची तक्रार नाही.

तक्रार सुट्टीची आहे. सॉफ्टवेअर धरून चालते की शनिवार-रविवार सुट्टी. आमच्याकडे शनिवारी पूर्ण काम, उलट शनिवारीच गांधीबागचे लोकं येतात. आठवड्याचे दिवस बदलायची सेटिंग सापडली, ती केली. पण सबटास्कची तारीख रविवारी पडली की हे महाशय ती सोमवारी नेऊन ठेवतात. मागे मोजत आहो तरी! अरे, मागे मोजताना सुट्टी आली तं अजून मागे सरकायचं, शनिवारी, पुढे कुठं चालला? ११ जानेवारी २०२६ ला रविवार होता. मी डिसेंबरमधी साचा लावून कॅलेंडर पाहिलं तं साठही क्लायंटचा शेवट १२ जानेवारी. पोर्टलला रविवार-सोमवार काही नसते, ११ म्हणजे ११. आता ज्या तारखा सरकारच्या आहेत त्या सबटास्कवर सुट्टी टाळायचं बटन बंद करून ठेवलं आहे, आणि बाकीच्यांवर चालू. एकेका साच्यात सबटास्क उघडून उघडून केलं, सगळ्यांना एकदम करायची सोय नाही.

सुट्ट्यांच्या यादीत भारत निवडला तं १५ ऑगस्ट, दिवाळी वगैरे आपोआप आलं. मारबत कुठून येणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्या-मारबतीची मिरवणूक असते तेव्हा इतवारी-महालात जायचं नाव काढू नका, त्या दिवशी पिशवी आणायला पाठवलेला पोट्टा पिशवी घेऊन येत नाही, व्हिडिओ घेऊन येते. ती सुट्टी हातानं टाकली. डिसेंबरमधी अधिवेशन असते तेव्हा सुट्टी नसते पण सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्च्यांनी आणि बंदोबस्तानं जाम, तिकडच्या क्लायंटना मी उणे सहाच्या जागी उणे सात ठेवलं. हे कोणतं सॉफ्टवेअर सांगणार नाही, आपलं आपल्यालाच टाकावं लागते, त्यात त्यांचा दोष नाही.

टाइम झोनचा मात्र दोष आहे. डेमोवाल्यानं खातं उघडून दिलं तेव्हा टाइम झोन यूटीसी राहून गेला, म्हणजे सॉफ्टवेअरची मध्यरात्र आपल्या सकाळी साडेपाचला. महिनाभर आम्हाला वाटून राहिलं होतं की नोटिफिकेशन रोज पहाटे साडेपाचला काहून येतात, सर म्हणाले चांगलं आहे, फिरायला जायचा अलार्म झाला. मग एका रात्री आर्टिकल पोट्टा साडेबाराला टीडीएसचं चलान काढायला बसला, ॲपवर अजून "आज ड्यू" दिसत होतं, बँकेत तारीख ८ झालेली. खातं उघडताना हा प्रश्न स्क्रीनभर मोठ्या अक्षरात विचारायला पाहिजे. आमच्याकडे तो सेटिंगच्या चौथ्या पानावर सापडला.

रिपीट होणाऱ्या टास्कवर तं विश्वासच ठेवू नका. दर महिन्याला आपोआप टास्क बनते म्हणून मी खूश होती, पण बनते ते असं, वरच्या टास्कला नवीन तारीख आणि पोटातल्या सबटास्कना मागच्या महिन्याच्याच जुन्या तारखा. म्हणजे लेकरू जन्माला आलं तेच थकबाकीदार. सपोर्टवाल्यांचं उत्तर, हे असंच डिझाइन केलं आहे. बरं. आता दर २५ तारखेला आमचा लहाना आर्टिकल एक्सेलमधी सगळ्या क्लायंटची यादी करून एकदम अपलोड मारते, एका तासात साठ टास्क तयार, कोणता सबटास्क कोणाच्या पोटात जाते त्यासाठी एक वेगळा कॉलम आहे तो नीट भरायचा, नाहीतं सगळे सबटास्क मोकाट फिरतात. आणि हो, कॅलेंडरमधी सबटास्क सुरुवातीला दिसतच नाहीत, वर फिल्टरमधी जाऊन चालू करा.

आता तारीख वाढते तेव्हाचं. २०२५ मधी ज्यांनी हे काम केलं त्यांना सांगायची गरज नाही. इन्कम टॅक्स रिटर्नची ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली, मग शेवटच्या दिवशी रात्री अजून एक दिवस, १६. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबर, मग १० नोव्हेंबर. मागे मोजणाऱ्या साच्याचा फायदा इथं दिसायला पाहिजे होता, आणि दिसला पण, शेवटची एक तारीख बदलली की पोटातल्या बाकी आपोआप सरकल्या. पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे झालेल्या सबटास्कच्या तारखापण सरकल्या, म्हणजे जो कागद ऑगस्टमधी वेळेवर आला होता त्याची ड्यू डेट आता ऑक्टोबर दिसून राहिली, कोण वेळेवर देते आणि कोण रखडवते हा हिशोबच पुसून गेला. दुसरी गोष्ट सरांनी सांगितली आणि ती मला पटली. त्यांनी कागद मागवायच्या सबटास्कची तारीख हलवूच दिली नाही. सर म्हणाले, सरकारनं तारीख वाढवली ती आपल्यासाठी, क्लायंटला सांगितलं तं तो तितकेच दिवस अजून झोपेल. आणि तेच झालं, ज्या दोघातिघांच्या तारखा चुकून सरकल्या त्यांचा स्टॉक स्टेटमेंटचा कागद बरोबर नवीन तारखेच्या आदल्या दिवशी आला. एखाद्या सबटास्कला खिळा मारून ठेवायची सोय, म्हणजे बाकी सरकोत पण हा नाही, ती मागून सहा महिने झाले. उत्तर आलं की तुमची सूचना टीमला कळवली आहे.

चांगलं काय आहे तेही लिहिते, नाहीतं वाटेल की मी पोट भरून शिव्या द्यायलाच बसली. मोबाइल ॲप खरंच हलकं आहे, माझ्या जुन्या फोनवरही अडकत नाही. आर्टिकल मेट्रोनं लोकमान्य नगरला उतरून एमआयडीसीत जाते, तिथूनच सबटास्कवर बिलांचा फोटो टाकते, इकडे एंट्री सुरू होऊन जाते. मराठीत नावं टाकली तं नीट दिसतात. प्रत्येक सबटास्क वेगळ्या माणसाच्या नावावर टाकता येते, आणि साच्यात माणसाच्या नावाऐवजी "एंट्रीवाला", "तपासणारा" अशी भूमिका लिहिता येते, हे आम्हाला उशिरा समजलं, आर्टिकल बदलून गेल्यावर गेलेल्या पोट्ट्याच्या नावावर दोन महिने टास्क पडून राहिले होते तेव्हा.

क्लायंटलाही लॉगिन द्यायची सोय आहे. साठपैकी दोघांनी उघडून पाहिलं. एक डॉक्टर आणि एकाचा मुलगा पुण्याला शिकते तो. बाकी सगळे व्हॉट्सॲपवर, आणि गांधीबागचे एक काकाजी अजूनही पिशवी घेऊन स्वतः येतात, पिशवीत बिलं, बिलांखाली लग्नाच्या पत्रिका, एकदा तं संत्री निघाली. त्यांचा सबटास्क मी ५ च्या जागी ३ ठेवला आहे, त्यांना सांगितलं नाही. ३ ला मी फोन करते, ते म्हणतात हाव ना बेटा, उद्याच येतो, आणि ५ ला येतात.

कोणी घ्यावं विचाराल तं, ज्यांचं काम सुरू केल्यावर संपते तेव्हा संपते, इंटिरिअरवाले, वेबसाइटवाले, त्यांना खालच्या प्लॅनमधीच मजा येईल. सीए, टॅक्सवाले, टेंडर भरणारे, लग्नाचं डेकोरेशन करणारे, ज्यांची शेवटची तारीख दुसऱ्यानं ठरवलेली असते, त्यांनी १४ दिवसांच्या ट्रायलमधी पहिल्या दिवशी हेच करा, एक साचा बनवा, शेवटची तारीख टाका, ती मुद्दाम रविवारी टाका, आणि पाहा सबटास्क शनिवारी जातात की सोमवारी. अर्ध्या तासात समजून जाईल, डेमोवाल्याशी गोड बोलायची गरज पडणार नाही.

आमचं रिन्युअल मार्चमधी आहे. मार्चमधी कोणाला वेळ आहे हो? सरांनी त्याचाही टास्क बनवला, "दुसरं पाहायचं की हेच ठेवायचं", पोटात पाच सबटास्क, सगळे माझ्या नावावर, शेवट ३१ मार्चपासून मागे मोजलेला. त्यातले तीन आज सकाळपासून लाल दिसून राहिले.